तिसरी भाकरी

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या संध्याकाळच्या कार्यक्रमातलं बोलणं, थोडी काटछाट करून)

नमस्कार. माइक जरा खाली घ्या ओ, मान वर धरून बोलायला लागलं की माझा कार्यक्रम दहा मिनिटांत उरकतो. हां, बास. तर बाहेर फळ्यावर तुम्ही लिहिलंय 'मायस्थेनिया ग्रॅव्हिस : आहार, औषधे व दिनचर्या'. मला झालेल्या स्नायूंच्या आजाराचं हे नाव. तिन्ही सांगणार आहे, पण शेवटी. आधी मला भाकरीबद्दल बोलायचंय. सेक्रेटरी साहेब सकाळी अकराची वेळ देत होते, मी भांडून संध्याकाळी साडेसहा मागून घेतली. का, ते कळेल. माझ्या डाव्या डोळ्याकडं तेवढं लक्ष ठेवा.

आमच्याकडं रोज रात्री जोंधळ्याच्या सात भाकरी. तीस वर्षं शाळेत शिकवून घरी येऊन मी त्या थापल्या, कधी काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात काय व्हायला लागलं, पहिली भाकरी पुनवेच्या चंद्रासारखी, दुसरी ठीकठाक, आणि तिसरीला परातीत बोटं फिरेनात. फिरेनात म्हणजे दुखत नव्हती हां, मुंग्या नाहीत, बधिर नाहीत, मी सांगतेय आणि ती ऐकत नाहीत एवढंच, आणि मग ती उचलून तव्यावर टाकायला जावं तर मधनं फाटून निम्मी गॅसवर. सासूबाई म्हणाल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय. पीठ बदललं. मग म्हणाल्या गिरणीवाला रेशनच्या ज्वारीत दळतोय. गिरणी बदलली, त्या गिरणीवाल्याची मी आजही मनातनं माफी मागते. आणि गंमत बघा, मी अर्धा तास आडवी झाले आणि उठून थापली की परत फर्स्ट क्लास. आता घरातल्यांनी यातनं काय अर्थ काढायचा? सासूबाईंनी काढला. "व्हय गं, पडून उठलं की बरी येतीया व्हय भाकरी?"

मी म्हणायची, "आत्या, मी दमलो." (बाहेरगावचे कोण असतील तर हसू नका, आमच्याकडं बायका आलो-गेलोच म्हणतात. वर्गात 'दमले' शिकवायची, घरी 'दमलो'.) पण तो शब्दच चुकीचा होता. दमतात सगळेच, इथं जिना चढून आलेले निम्मे दमलेत, दिसतंय मला. दमलेला माणूस रेटून काम करतो, तालमीतलं पोरगं तर दमल्यावरच खरं जोर मारायला लागतं आणि त्यानं त्याची ताकद वाढते. हे गाव सगळं खासबागेच्या कुस्तीच्या मातीतलं, इथं 'होत नाही' म्हटलं की 'अजून दोन मार' हे उत्तर ठरलेलं. माझ्याकडं उलटं, जितकं रेटीन तितकं कमी, आणि गप बसले की आपोआप परत येतं. याला मराठीत शब्द सापडला तर मला कळवा, मी भाषेचीच शिक्षिका होते आणि मला सापडलेला नाही.

मग डॉक्टर. नावं घेत नाही कुणाची. दीड वर्ष. त्यात चष्मा तीनदा बदलला, कारण संध्याकाळी एकाची दोन माणसं दिसायची, महाद्वार रोडवर आधीच गर्दी आणि मला ती डबल. एक डोळा झाकला की सगळं नीट, हे मी प्रत्येकाला सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. एकानं व्हिटॅमिन, एकानं विचारलं टेन्शन घेता का, एकजण म्हणाले पाळी जायचं वय आहे, चालायचंच. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. शाळेच्या निरोप समारंभाच्या फोटोत माझा डावा डोळा मिटलेला आहे आणि शेजारी प्रमुख पाहुणे, म्हणजे आयुष्यभर सरळ वागून शेवटच्या दिवशी मी पाहुण्यांना डोळा मारला असा पुरावा शाळेत फ्रेम करून लावलाय.

पण माझी खरी तक्रार डॉक्टरांवर नाही, वेळेवर आहे. ओपीडी सकाळी अकराची. मी रात्रभर झोपून, आवरून, ताजीतवानी, हातात बांगड्या भरून समोर बसलेली. ते म्हणणार हात वर करा, केला. बोट दाबा, दाबलं, तेच ओरडले. पॉवर नॉर्मल! अहो पहिलीच भाकरी बघताय तुम्ही, तिसरी बघा की! हे मी तेव्हा म्हणाले नाही, आता म्हणते. या आजाराला सकाळची ओपीडी फार मानवते, तो तिथं नवऱ्यामुलासारखा गप बसतो.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी धरलं त्यांनी काय केलं, तर फक्त म्हणाल्या, वर पंख्याकडं बघत राहा, पापणी मिटू नका. त्या घड्याळ बघत बसल्या. मिनिटभरात माझी डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली. मग त्यांनी कंपाउंडरला खालच्या रसवंतीवर पाठवून बर्फ मागवला, रबरी हातमोज्यात घातला, गाठ मारली आणि दोन मिनिटं डोळ्यावर ठेवला. पाणी ब्लाउजमध्ये गळतंय, मी गप. काढला, आणि डोळा टक्क उघडा. आमचे मिस्टर कोपऱ्यातनं म्हणाले, अरे च्या मायला. गारव्यानं ही नस-स्नायूची देवघेव सुधारते, उन्हानं बिघडते, म्हणून मे महिन्यात मी दुपारी घराबाहेर दिसणार नाही. मग हाताला करंटची टेस्ट, सेकंदाला तीन असे दहा झटके, आणि पहिल्या चार-पाच झटक्यांत स्नायूचा जबाब खाली खाली. म्हणजे मशीननं माझ्याकडनं दहा भाकरी थापून घेतल्या म्हणा की!

होतं काय, ते सांगते. नस स्नायूला हुकूम देते तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातनं. स्नायूवर ते पकडणारी दारं असतात. आपल्याच रक्तातल्या अँटीबॉडी ती दारं अडवतात, मोडतात. आता नस एकसारखी हाणायला लागली की दरवेळी रसायन थोडं थोडं कमी सोडते, हे सगळ्यांचंच होतं, पण तुमची दारं भरपूर म्हणून तुम्हाला पत्ताही लागत नाही. माझी मोजकी, मग तिसऱ्या भाकरीला निरोप पोचत नाही. तुमच्यातल्या शेतकऱ्यांना हे जास्त कळेल, उसात मण्यार चावलेला माणूस बघितलाय ना? आधी पापण्या मिटतात, मग बोलणं, गिळणं जातं. मण्यारीच्या विषातला एक भाग याच दारांवर बसतो. तैवानकडच्या मण्यारीचं विष वापरूनच 1973 साली शास्त्रज्ञांनी या रोग्यांच्या स्नायूवरची दारं मोजली आणि ती कमी निघाली. आणि औषधाची वाट दाखवली ती लंडनमधल्या ग्रिनिचच्या एका साध्या हॉस्पिटलातल्या मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरीणबाईंनी, 1934 साली. त्यांनी म्हटलं हा रोग क्युरारे, म्हणजे बाणाला लावायचं स्नायू लुळं करणारं विष, त्याच्या बाधेसारखा दिसतोय, मग त्या विषाचा उतारा टोचून बघू. टोचला, आणि पापणी वर. बघा, परत बाईच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! अहो आत्ता तर रंगात आले होते. बरं, पळवते.

औषध. पायरिडोस्टिग्मिन, 60 मिलिग्रॅमची गोळी. अर्ध्यापाऊण तासात लागू, तीन-चार तास टिकते. रोग बरा करत नाही, रसायन लवकर विरघळू देत नाही इतकंच. जास्त झाली की पोटात मुरडा, लाळ, जुलाब, आणि जास्त झाल्यानंही अशक्तपणा येतो, म्हणून मनानं वाढवायची नाही. खरा रोग दाबायला स्टेरॉइड, त्यानं सुरुवातीचे काही दिवस उलट बिघडू शकतं हे माहीत असावं, आणि अॅझाथायोप्रिन, ज्याला गुण यायला महिनेच्या महिने लागतात. छातीच्या हाडामागं थायमस ग्रंथी असते, तिचा सीटी स्कॅन करतात, गाठ असली तर काढतात, नसली तरी काहींची काढतात, माझी ठेवलीय. हा रोग जास्त करून तरुण बायकांना आणि साठीपुढच्या पुरुषांना होतो, मी दोन्हीत बसत नाही. अमिताभला झालेला तोच ना, हो तोच, हे ऐकल्यापासून सासूबाई मला मान देतात.

आहार. मटण सोडलेलं नाही. गोळी घेऊन पाऊण तासानं ताटावर बसायचं, पीस आधी खायचे, भात नंतर, कारण जबडा शेवटी शेवटी राजीनामा देतो, मग मी हनुवटीला हात लावून चावते, लोकांना वाटतं विचारात पडलीय. पांढरा रस्सा घाईनं पिऊ नका, माझ्या एकदा नाकातनं आला. बोलत बोलत जेवायचं नाही. आणि दिनचर्या म्हणजे एवढीच की दमायच्या आधी बसायचं. भाकरी आता दोन मी थापते, पाच मिस्टर. त्यांच्या नकाशे होतात, पण विरीचं नाव कोण काढत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच की. मेडिकलमधनं खोकल्याला म्हणून अझिथ्रोमायसिन आणून खाता ना तुम्ही? आमच्यासारख्यांना ते घातक ठरू शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, बीपीच्या त्या अॅटेनोलॉलसारख्या गोळ्या, शिरेतनं दिलेलं मॅग्नेशियम, ही यादी मी पर्समध्ये ठेवते, दात काढायला गेले तरी आधी ती टेबलावर. आणि ताप-सर्दी आली की दिवसातनं दोनदा एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायचे. पस्तीसला पोचणारी मी वीसच्या आत अडकले, किंवा आडवं पडल्यावर दम लागला, थुंकी गिळेना, तर सकाळची वाट बघायची नाही, रिक्षा काढायची आणि आयसीयू असलेलंच हॉस्पिटल गाठायचं. श्वासाचे स्नायूही स्नायूच आहेत.

आलं का, आवाज नाकातनं यायला लागला? आणि डोळा बघा. गेला ना? म्हणून साडेसहा. प्रश्न असतील ते चिठ्ठीवर लिहून द्या, उत्तरं उद्या सकाळी फोनवर देते. चहा मला बशीत ओतून, गार करून द्या. आणि टाळ्या तुम्हीच वाजवा, माझ्याच्यानं चारच्या वर होत नाहीत.