रुळांखालची जमीन

नमस्कार मंडळी.

आज नाशिककर बरेच दिसताहेत, म्हणून आपल्या ट्रामपासूनच सुरुवात करते. हो, नाशिकला ट्राम होती! रेल्वेची लाइन गावापासून आठ-दहा किलोमीटर लांबून गेली, म्हणून १८८९ साली नाशिकरोड स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. डबे घोडे ओढायचे. सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १९३०च्या दशकात ट्राम बंद पडली आणि आज तिचा मागमूस नाही. द्वारका चौकापासून नाशिकरोडपर्यंत भर उन्हात चालून बघा, सलग सावलीची वाट किती हवी होती ते कळेल.

इथे सिंगापुरात तशी वाट वाचली. तंजोंग पागार ते वुडलँड्स या मार्गावरून मलेशियाची गाडी ३० जून २०११ला शेवटची धावली आणि २४ किलोमीटरचा पट्टा मोकळा झाला. एवढ्या महागड्या शहरात तुकडे पाडून विकणं सोपं होतं. पण इथल्या नेचर सोसायटीने आदल्याच वर्षी तो अखंड हिरवा ठेवण्याचा प्रस्ताव दिला होता. लोकांनी तो उचलून धरला, सरकारने मानला. बुकित तिमाचं जुनं स्टेशन आणि लोखंडी पूलही राखले.

अखंड हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. रेल्वेला चढ सोसत नाही. म्हणून कुठे भराव घालून, कुठे टेकडी कापून मजुरांनी वाट जवळजवळ सपाट केलेली असते. व्हीलचेअरवरच्या आजोबांना यापेक्षा सोयीची वाट कुठली? मधले दोन प्लॉट विकले, की सगळं संपलं.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं, म्हणजे जुन्या रेल्वेपुलावर केलेल्या बागेचं, कौतुक आपण ऐकतो. १९८०मध्ये तिथली शेवटची मालगाडी गेली, २००९मध्ये बाग खुली झाली. पण भोवती महागडे टॉवर उभे राहिले आणि शेजारच्या सरकारी वसाहतीतल्या अनेकांना ती बाग आपली वाटली नाही. आपल्याकडे असं काही झालंच, तर आधी पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि भेळवाल्याची जागा हवी. शोभेची झाडं मागाहून लावता येतील.

महापालिका विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवते. नाशिकमध्ये रेल्वेची किंवा कारखान्याच्या सायडिंगची (कारखान्यात जाणाऱ्या रुळांच्या फाट्याची) जी पट्टी पुढे रिकामी होईल, ती विकण्याआधी अखंड राखीव दाखवा, एवढीच सूचना आपण सगळ्यांनी पाठवायची आहे. मसुदा चहाच्या टेबलावर ठेवलाय. वाचा, दुरुस्त्या सुचवा, आणि नाशिकला घरी कुणी असेल तर त्यांची सही नक्की मिळवा.