कॅपची झिलई

नमस्कार श्रोतेहो. दातावर सिरॅमिकची कॅप बसवलेली माणसं आता घरोघरी आहेत. आज मी बोलणार आहे त्या कॅपच्या सगळ्यात वरच्या थराबद्दल. घरातली लोणच्याची बरणी आठवा. वर्षभर आंबट-खारट पोटात ठेवूनही ती पाझरत नाही, कारण तिला झिलई असते. कॅपलाही अशीच काचेची झिलई असते. लॅबमध्ये काचेच्या बारीक भुकटीचा लेप ब्रशने लावतात आणि ७०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत तापवतात. लेप वितळून पसरतो, बारीक भेगा आणि छिद्रं बुजतात. हा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. तो एकदा घासला गेला, की खालचा खरखरीत भाग उघडा पडतो.

त्याचं काय होतं, ते मला एका आजींच्या तोंडात दिसलं. आजी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळून संसार केलेल्या. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी ओसरली आणि त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, वरची कॅप खालच्या दाताला खायला लागलीय." घरात कुणाचा विश्वास नव्हता. सगळ्यांनी दोष दिला भाकरीला. सुनेनं काळजीपोटी भाकरी बंदच केली आणि आजींना दोन्ही वेळा मऊ भात सुरू केला. ऐन हुरड्याच्या दिवसांत, सोलापुरात, भाकरी बंद!

इथे मला एक सांगायचंच आहे. कडक भाकरीला उगीच नावं ठेवू नका. ती शेंगांच्या आमटीत चुरून, भिजू देऊन खायची असते. कोरडीच कडाकडा चावायची नसते. आणि आमटी शेंगांचीच हवी, दुसरी तिला शोभत नाही.

तर आजी. मी आरसा धरून पाहिलं. कॅप बाकी सगळीकडे चकचकीत, पण चावायच्या जागी एक ठिपका निस्तेज, पांढुरका. विचारलं, "बसवली तेव्हा उंच लागत होती का?" आजी म्हणाल्या, "होय की. लावली तिथंच मशीननं घासून दिली. तवापासून जिभेला खरखर लागतंय." घासली आणि तशीच सोडली. खालच्या दाढेचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, झिजून आतला पिवळसर भाग दिसत होता. आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं!

मी सिरॅमिकसाठीची पॉलिशिंग रबरं घेतली, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी डायमंड पेस्ट. आजींनी जीभ फिरवून पाहिली, परत फिरवली. "गेलं की खरखर!" मग म्हणाल्या, "एवढंच होतं, तर तवाच का नाही केलं?" प्रश्न रास्त होता. काम काही मिनिटांचंच असतं, आणि माझ्या मते ती मिनिटं रुग्णानं हक्कानं मागून घ्यावीत. खालची दाढ मी भरून दिली. सुनेला समोर बसवून सांगितलं, भाकरी सुरू करा.

कॅप घासली, तर परत पॉलिश हवं, किंवा परत लॅबमध्ये झिलई. पुन्हा सांगते, घासली तर पॉलिश.

कारण सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. ते तुटतं ते बहुधा पृष्ठभागावरच्या बारीक भेगेपासून. लाळेतलं पाणी त्या भेगेच्या टोकाशी पोचतं आणि चावताना भेग हळूहळू पुढे सरकते. झिर्कोनिया हे नवं सिरॅमिक जुन्या पोर्सिलेनच्या साधारण दहापट बळकट आहे, पण खरखरीत झिर्कोनिया समोरच्या दाताला तितकाच घातक. त्यावरची झिलई चावण्याच्या जागी झिजतेच, म्हणून तिच्याखालीही आधी नीट पॉलिश हवं.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातले संशोधक दातांच्या सिरॅमिकवर सिलिकॉन कार्बाइडचा अतिपातळ थर चढवून पाहत आहेत. आम्ल आणि अल्कली दोन्हींपुढे तो टिकावा, हा त्यांचा प्रयत्न. मला त्याची फार आशा वाटते, पण ते काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

तोवर आणखी एक काळजी घ्या. दात किडू नयेत म्हणून दवाखान्यात फ्लोराइडचं जेल लावतात. त्यातलं आम्लयुक्त जेल सिरॅमिकची झिलई खातं. खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, "मला सिरॅमिकची कॅप आहे." न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं, फ्लोराइड जेल मिळतं, डॉक्टर ते लावतील. नमस्कार.