पुविरनितुकचं बाळंतपण

नकाशात कॅनडाचा क्विबेक प्रांत बघा, आता वर सरका, अजून वर, झाडं संपतात तिथून पुढे हडसन बेच्या काठावर एक गाव लागतं, पुविरनितुक. हा सगळा पट्टा म्हणजे नुनाविक, इनुइट लोकांचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांचा मुलूख. एकूण चौदा गावं आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ताच नाही. माँट्रियल इथून साधारण १६०० किलोमीटर. कुणाचं दुखणं वाढलं तर विमान, आणि हवा बिघडली तर विमानही नाही.

अशा ठिकाणी गरोदर बाईचं काय करायचं? १९७० च्या दशकात सरकारी यंत्रणेचं उत्तर ठरलेलं होतं, तिला आधीच बाहेर काढायचं. दिवस भरत आले की विमानात बसवायचं आणि मूस फॅक्टरी नावाच्या दूरच्या गावातल्या नाहीतर माँट्रियलच्या हॉस्पिटलला धाडायचं, एकटीला. नवरा मागे, आई मागे, पहिली लेकरं कुणा नातेवाइकाकडे. तिथे कित्येक आठवडे नुसती वाट बघत राहायचं, जेवण वेगळं, भाषा कळत नाही, आणि ऐन कळांच्या वेळी हात धरायला ओळखीचं कुणी नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, का जाते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही ना, इथे नेमकं उलटं चाललं होतं.

आणि माणसं अशी उचलून नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९५० च्या दशकात टीबी तपासायला सी. डी. हाऊ नावाचं सरकारी जहाज किनाऱ्याला यायचं, जहाजावर एक्सरे काढायचे, आणि टीबी निघाला की अनेकांना तिथूनच दक्षिणेला न्यायचे, घरच्यांचा निरोप घ्यायलासुद्धा उतरू द्यायचे नाहीत. १९५६ च्या सुमाराला दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या सॅनेटोरियममध्ये होता. काही जण परत आलेच नाहीत, त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना कित्येक वर्षं कळलं नाही. कॅनडाच्या पंतप्रधानांनी याची माफी मागायला २०१९ उजाडलं. त्यामुळे "तुमच्या भल्यासाठीच नेतोय" हे वाक्य इथल्या म्हाताऱ्या माणसांना कसं ऐकू येत असेल, विचार करा.

पुविरनितुक मुळातच वाकणारं गाव नाही. १९७५ साली जेम्स बेच्या धरणांवरून सरकारने क्री (शेजारचा दुसरा आदिवासी समाज) आणि इनुइट लोकांशी मोठा करार केला, पैसे आणि काही अधिकार द्यायचे, बदल्यात जमिनीवरचा पिढीजात हक्क सोडायचा. तेव्हा पुविरनितुकने सही करायला नकार दिला, इवुयिविक गावानेही दिला. पुढे गावात हॉस्पिटल बांधायचं ठरलं तेव्हा इथल्या बायकांनी स्पष्ट सांगितलं, हॉस्पिटल हवंच आहे, पण आमची बाळंतपणं इथेच झाली पाहिजेत आणि ती करणाऱ्या आमच्यातल्याच बायका पाहिजेत.

१९८६ मध्ये गावातल्या या हॉस्पिटलात, म्हणजे इनुलित्सिविक हेल्थ सेंटरमध्ये, प्रसूती विभाग सुरू झाला. सुरुवातीला दक्षिणेतून अनुभवी मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुइणी, आल्या आणि त्यांच्या हाताखाली गावातल्या बायका शिकायला लागल्या, घर सोडून कॉलेजला न जाता, रोजच्या कामातून, आपल्या इनुक्टिटुट भाषेत, जुन्या जाणत्या बायकांचं ज्ञान धरून. गंमत नाही हं ही, कारण क्विबेकमध्ये मिडवाइफचं काम १९९९ पर्यंत कायद्यातच बसत नव्हतं. म्हणजे राजधानीत कायदा व्हायच्या तेरा वर्षं आधीपासून इथे हे काम चालू होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. इथे एक कमिटी बसते. प्रत्येक गरोदर बाईची केस साधारण ३२ ते ३४ व्या आठवड्यात या कमिटीसमोर येते. डॉक्टर असतात, नर्स असतात, पण ही बैठक मिडवाइफ चालवतात. बीपी, रक्त, आधीची बाळंतपणं, सगळं बघतात. आणि त्याच टेबलावर हेही बघतात की ही बाई गेली तर घरी मुलांना कोण सांभाळणार, तिकडे एकटी राहून तिचं काय होईल. दूर पाठवणं हीसुद्धा जोखीमच आहे हे इथे धरलं जातं, आणि मग बाळंतपण इथे की माँट्रियलला हे ठरतं.

कारण इथे सिझेरियनची सोय नाही. गरज पडली तर विमानाने चार ते आठ तास, तेही हवा चांगली असेल तर. हा धोका गावाला माहीत होता, आणि तो समजून उमजूनच त्यांनी निर्णय घेतला. वेडेपणा केला का? २००० ते २००७ मधल्या १३७२ बाळंतपणांचा अभ्यास झालाय. ८६ टक्के बायका नुनाविकमध्येच बाळंत झाल्या, ९७ टक्के बाळंतपणं नॉर्मल, आणि अभ्यासकांनी ही सेवा सुरक्षित असल्याचंच लिहिलंय.

बाळंतपण गावात आलं तसं बाकीचंही परत आलं. इनुइट लोकांत नाळ कापणारी व्यक्ती, तिला सनाजी म्हणतात, ती त्या बाळाची जन्मभराची नात्यातली होते. पोरगा मोठा होऊन पहिली शिकार करतो ती तिच्याकडे घेऊन जातो, पोरीने पहिल्यांदा काही शिवलं की तेही तिला. माँट्रियलच्या लेबर रूममध्ये नाळ कुणीतरी ड्यूटीवरचा डॉक्टर कापायचा, त्याच्याकडे कोण कशी शिकार नेणार?

आपल्या महाराष्ट्रात आदिवासी भागात माहेरघर योजना आहे, तिथे बाई दिवस भरायच्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात येऊन राहते, सोबत घरचं माणूसही राहू शकतं. चांगली सोय आहे, मनापासून म्हणतोय. फक्त ती कशी असावी हे ठरवताना भामरागडच्या किंवा मेळघाटच्या बायका त्या टेबलावर बसलेल्या असाव्यात असं मला फार वाटतं.

पुविरनितुकनंतर नुनाविकमधल्याच दोन गावांत, १९९८ मध्ये इनुक्युआकला आणि २००४ मध्ये सालुइटला अशीच केंद्रं सुरू झाली. कॅनडाच्या इतर दुर्गम भागातल्या कित्येक आदिवासी बायकांना मात्र अजूनही बाळंतपणासाठी दूर जावं लागतं. २०१७ पासून केंद्र सरकार त्यांच्या सोबत एका माणसाचा खर्च देतं. आदिवासी मिडवाइफांची राष्ट्रीय संघटना मात्र तेवढ्यावर थांबायला तयार नाही, प्रत्येक वस्तीत तिथलीच मिडवाइफ हवी ही त्यांची मागणी आहे.