कासच्या पठारावरचा जांभळा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर भाद्रपदात मी प्रथम चित्र काढायला बसलो, तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. समोरचा उतार फिकट जांभळा दिसत होता, म्हणून निळा, तांबडा आणि पांढरा रंग कालवून मी तोच जांभळा तयार केला. कागदावर मात्र ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखे काहीतरी उतरले.

पायवाटेवरून वाकून पाहिले, तेव्हा चूक कळली. तो जांभळा रंग तेथे नव्हताच. सीतेच्या आसवांची जांभळट निळी फुले आणि गेंदाची पांढरी बोंडे शेजारीशेजारी दाटली होती, आणि दुरून त्यांची सरमिसळ माझी नजर करीत होती. ही दाटीही उगाच नाही. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ असतो, त्यात पावसाळ्यात पाणी साचते आणि पोषणद्रव्ये तुटपुंजी असतात. त्यामुळे तेथे मोठी झाडे फारशी रुजत नाहीत, आणि सीतेची आसवं तर ओल्या मातीतल्या आपल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून पोषणाची उणीव भरून काढतात. माझ्या चित्राचा पोत असा खडकानेच ठरवून ठेवला होता.

नजरेची अशी फसगत माझ्याआधीही झाली होती. भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झालेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्यापुढे काळे सूत फिके दिसते अशी तक्रार आली. त्यांनी तपासले, तर रंगाईत दोष नव्हता. शेजारच्या निळ्याजांभळ्या धाग्यांमुळे काळा रंग मलूल भासत होता. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, आणि पुढे जॉर्ज सेरा या चित्रकाराने त्याचाही आधार घेऊन सुट्या ठिपक्यांची चित्रे रंगवली. फुलांचे रंग खरे तर कीटकांसाठी असतात, आणि मधमाशीला दिसणारे अतिनील रंग आपल्याला दिसतही नाहीत, हे मात्र माझ्यासारख्याने विसरू नये.

दुसऱ्या खेपेला मी रंग कालवलेच नाहीत. जांभळट निळ्याचे आणि पांढऱ्याचे ठिपके सुटे ठेवले, आणि शेवटी सोनकीच्या फुलांचा पिवळा नळीतून जसाच्या तसा लावला. जांभळ्याच्या शेजारी तो नळीतल्यापेक्षाही पिवळा दिसला.