ह, हु, हि, हा

(डेक्कनचा चौक. दुपारची रहदारी.)

आज इथे रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. १९८७ साली हे सायकलींचं पुणं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. तासाच्या भाड्याने लहान सायकल मिळायची, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चार पोरं सकाळपासून तिथेच पडीक असायचो.

परदेशी विद्यार्थी तेव्हाही पुण्यात पुष्कळ होते. इराणचे, सुदानचे, केनियाचे. आम्ही त्यांच्याकडे टक लावून बघायचो. बोलायचो मात्र कधीच नाही.

त्या दिवशी एक उंच, काळा मुलगा पंक्चर काढायला आला. मी नुकताच चौथी पास झालेला. मित्रांना हसवायचं म्हणून जोरात ओरडलो, "ए हबशी!"

शब्द घरचाच होता. उन्हातून खेळून आलो की आजी म्हणायची, "अगदी हबशी झालायस." अधाशासारखा जेवलो, तरी हबशीच. शिवी म्हणून तो मला कुणी शिकवला नव्हता. पण तो कुणावर आणि कुठल्या सुरात फेकायचा, हे मला बरोबर ठाऊक होतं.

तो वळला. मी पळायच्या तयारीत. आणि बघतो तर त्याचा चेहरा फुललेला! छातीवर हात ठेवून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "हाँ, हबेशा! तुमको कैसे पता?"

इथिओपियातली पुष्कळ माणसं स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणतात. अरबीतला हबश आणि आपला हबशी हे त्याचेच सोयरे. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फेकलेला शब्द त्याने नमस्कारासारखा घेतला, एवढंच दिसलं, आणि माझे कान गरम झाले.

(शहाबादी फरशी. विटेच्या तुकड्याने अक्षरं काढणारा हात.)

दुकानातले काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. तो फरशीवर उकिडवा बसला, माझं नाव विचारलं आणि विटेच्या तुकड्याने ते त्याच्या लिपीत लिहिलं. मग शेजारी एकाच अक्षराची रूपं ओळीने काढत, एकेकावर बोट ठेवून म्हणू लागला : ह, हु, हि, हा...

"बाराखडी!" मी ओरडलो.

त्याने सात बोटं दाखवली. त्यांच्या प्रत्येक अक्षराला सात रूपं असतात. पुढचा अर्धा तास आम्ही पोरं त्या फरशीवरून उठलो नाही. सायकलची पाळी आली, तीही सोडली.

(खुलताबाद. मलिक अंबरची कबर.)

चौथीच्या इतिहासात शिवराय होते, मावळे होते. सिद्दी आठवतो तो शत्रू म्हणून. मलिक अंबर मला भेटला फार पुढे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन अख्खी निजामशाही चालवणारा माणूस. आजचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे त्याने वसवलेली खडकी. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तिथेच पडले. ज्या घराण्याची गोष्ट घोकून मी चौथी पास झालो, त्या घराण्याचा एक मुलगा हबशी सेनापतीच्या हाताखाली लढताना कामी आला होता. आणि मी हसवण्यासाठी तोच शब्द वापरला होता.

पंक्चर निघालं. जाताना त्याने माझा हात हातात घेतला. मी ओरडलो होतो ते चिडवायला, हे मी त्याला सांगितलं नाही.

आज वाटतं, त्याला कळलं असणार. हिंदी येण्याइतका तो इथे राहिला होता. तो सूर त्याने रोज ऐकला असेल. तरीही दहा वर्षांच्या पोरासमोर त्याने छातीवर हात ठेवला.

(फर्ग्युसन रस्ता. संध्याकाळ.)

ही दृश्यं टिपत होतो तेव्हा दोन आफ्रिकी विद्यार्थी पुस्तकं घेऊन समोरून गेले. मागून दुचाकीवरून कुणीतरी ओरडलं, "ए काळ्या!" दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही. कॅमेरा चालू होता, आवाज त्यात आला आहे. आम्ही तो काढलेला नाही.