तंबाखूचा पैसा, विद्यापीठाची पत

ही नॉटिंगहॅम विद्यापीठाची ट्रेंट बिल्डिंग. पांढरा दगड, माथ्यावर घड्याळाचा मनोरा, खाली तळं. 1928 साली खुद्द राजा पाचवा जॉर्ज उद्घाटनाला आला होता. जमीन दिली होती जेसी बूट यांनी. औषधांच्या दुकानांवर गबर झालेले हे इथलेच उद्योगपती. तेव्हा व्यापाऱ्याचा पैसा या विद्यापीठाला काही परका नव्हे.

डिसेंबर 2000 मध्ये मात्र देणगी जाहीर झाली ती ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोची. आपल्या आयटीसीत मोठा हिस्सा असलेली हीच ती सिगारेट कंपनी. रक्कम 38 लाख पौंड. आणि त्यातून केंद्र उघडायचं कशाचं? उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचं! एखाद्या विनोदी लेखकाने हे लिहिलं असतं, तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

ओरड झाली, पण विद्यापीठ हटलं नाही. कंपनीने अभ्यासात ढवळाढवळ केली नसती, असंही घटकाभर धरून चालू. पण तिला निष्कर्ष विकत घ्यायचेच कशाला होते? हवी होती ती पत. नामवंत विद्यापीठाशेजारी आपलं नाव छापून आलं, की काम फत्ते.

याच विद्यापीठात रिचर्ड स्मिथ वैद्यकीय पत्रकारितेचे बिनपगारी प्राध्यापक होते. मूळ काम 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चं संपादन. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा डॉल आणि हिल यांचा गाजलेला निबंध 1950 साली याच नियतकालिकात आला होता. आता तिथला संपादक तंबाखूच्या पैशावरच्या विद्यापीठात कसा बसणार? स्मिथ यांनी वाचकांनाच कौल लावला. विद्यापीठाने पैसे परत करावेत का? 84 टक्के म्हणाले, करावेत. नाही केले, तर मी पद सोडावं का? इथे मात्र 'हो' म्हणणारे 54 टक्केच. एवढ्या काठावरच्या कौलात पळवाट काढणं अवघड नव्हतं. स्मिथ यांनी 2001 मध्ये राजीनामा दिला.

कॅन्सरवरच्या औषधांचा शोध घेणारा एक गटही नॉटिंगहॅम सोडून लंडनला गेला.

पैसे परत गेले नाहीत. केंद्र उभं राहिलं, सामाजिक जबाबदारीचं एमबीए तिथे शिकवलं जाऊ लागलं. कॅन्सर संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या धर्मादाय संस्थेने मग विद्यापीठांसाठी नियमच कडक केले: आमच्या अनुदानावर चालणाऱ्या कामाच्या आसपास तंबाखूचा पैसा आला, तर आमचा पैसा बंद.