शेवटचं मूल डोंगरावरून उतरेपर्यंत

नमस्कार मंडळी.

मला ‘मुलं आणि खेळ’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, कारण गेली सहा वर्षं माझे बहुतेक रविवार तिच्यातच गेले: वेगवेगळ्या क्लबांच्या मुलांमध्ये होणाऱ्या फेल रिले शर्यती.

फेल म्हणजे नापास नव्हे. आपण राहतो त्या उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला फेल म्हणतात. हा शब्द नॉर्स लोकांबरोबर इकडे आला आणि राहिला. त्या डोंगरावर गवतातून, चिखलातून, सुट्या दगडांवरून धावत चढायचं आणि त्याहून जोरात उतरायचं, हा इथला जुना खेळ आहे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमियर गावाच्या जत्रेत तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय, आणि तिथे मुलांच्याही वेगळ्या शर्यती होतात. फेल रनर्स असोसिएशन 1970 साली निघाली. मी साताऱ्याची. पहाटे अजिंक्यतारा चढून शाळेत जायचे, त्यामुळे मुलीने पहिल्यांदा चिखलाने माखलेले बूट घरात आणले तेव्हा मला आनंदच झाला.

मोठ्यांच्या रिलेत डोंगराचा कस पुरता लागतो. पॅटरडेलला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या रिलेत चारही टप्पे जोडीने धावायचे असतात. ब्रिटिश फेल रिलेत सहा जणांचा संघ असतो आणि एका टप्प्यात नकाशा बघून वाट शोधावी लागते. मुलांना असं सोडता येत नाही. त्यांची वाट झेंड्यांनी आखलेली असते आणि वयानुसार अंतरावर मर्यादा असते. आमच्याकडे तिघांचा संघ असतो. प्रत्येकाने एक फेरी मारायची आणि पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची. आपल्या खो-खोसारखंच आहे, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.

आता अडचणी. जमीनमालकाची परवानगी, मेंढ्या विणायचा काळ, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, गाड्या लावायला शेतकऱ्याने दिलेलं आणि आदल्या रात्रीच्या पावसाने चिखल झालेलं शेत, हे सगळं असतंच. ते जमवता येतं. खरी अडचण संघ उभा करण्याची आहे.

एकट्याच्या शर्यतीत एक मूल आजारी पडलं तर एक मूल कमी होतं. रिलेत शनिवारी रात्री एकीला ताप आला की तिघींचा रविवार जातो. वयोगट दोन-दोन वर्षांचे. मोठ्या क्लबाकडे एकेका गटात वीस मुलं असतात, आमच्यासारख्या दरीतल्या क्लबाकडे बारा-तेरा वर्षांच्या दोनच मुली. त्या दोघी वर्षभर पावसात सराव करतात आणि शर्यतीच्या दिवशी कठड्याशी उभ्या राहून बघतात. मला ते बघवत नाही. यावर उपाय मिश्र संघाचा: आमच्या दोघी आणि शेजारच्या क्लबाची एकटी पडलेली एक. काही संयोजक अशा संघाला धावू देतात, पण निकालात धरत नाहीत. त्यांची भीती खोटी नाही, दोन क्लब आपापली वेगवान मुलं एकत्र करून सगळी पदकं नेतील. म्हणून आम्ही ठरवलं की ज्या क्लबाकडे त्या गटात तीन मुलं नाहीत त्यालाच ही मुभा, आणि संघ संयोजकांनी लावायचे, पालकांनी नाही. पण एकदा धावू दिलं की निकालात नाव आलंच पाहिजे आणि जिंकल्या तर पदकही. तेरा वर्षांच्या मुलीला ‘तू धावलीस, पण मोजली गेली नाहीस’ हे मी सांगणार नाही. आधीच पंधरा-सोळाच्या वयात मुली भराभर गळतात.

दुसरी गोष्ट मोजण्याची. डोंगरावर गेलेलं प्रत्येक मूल खाली आलं हे कळल्याशिवाय शर्यत संपत नाही. गेल्या सप्टेंबरात एक प्रसंग घडला. दुपारी ढग डोंगराच्या पायथ्याच्या दगडी भिंतीपर्यंत खाली उतरला. इथले लोक त्याला क्लॅग म्हणतात. दुसऱ्या टप्प्याचा अकरा वर्षांचा एक मुलगा येईना. त्याची तिसरी जोडीदार टाळीसाठी हात पुढे करून उभी, थंडीने उड्या मारतेय. वरच्या फाटकापाशी त्याचा नंबर टिपलेला होता, खालच्या भिंतीपाशी नव्हता. दोन मार्शल, म्हणजे वाटेवर उभे राहून मुलांवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक, धुक्यात त्याला हाका मारत वर गेले. मी वही हातात धरून उभी होते आणि माझे हात कापत होते. माउंटन रेस्क्यूला, म्हणजे डोंगरातल्या बचाव पथकाला, फोन करणार, तेवढ्यात तो सापडला. पाय मुरगळला म्हणून तो पायऱ्यांवरून भिंत ओलांडून रस्त्यावर उतरला होता. घरच्यांनी त्याला गाडीत बसवलं, हीटर लावला. सांगायचं कुणाला सुचलंच नाही, आणि आम्हीही त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक मूल छातीवरचा नंबर परत देऊनच जातं. शर्यत अर्धवट सोडली तरी. जो नंबर पेटीत नाही, ते मूल अजून डोंगरावर आहे असं आम्ही धरतो. मूल बदललं तर टप्पा सुरू व्हायच्या आत यादीत नाव बदलायचं, कारण रिलेत ऐन वेळी एकीच्या जागी दुसरी धावते आणि मग आपण भलत्याच मुलीला शोधत बसतो.

हे सगळं करायला माणसं लागतात. पंचवीस संघ असतील तर किमान बारा जण डोंगरावर हवेत, शेवटच्या मुलामागून चालत येणारा एक धरून. आपल्या मंडळातली चार मुलं आमच्याकडे धावतात. त्यांचे आईवडील गाडीने सोडून जातात, कारण त्यांना वाटतं की धावता येत नसेल तर आपलं तिथे काय काम. मार्शलला धावावं लागत नाही. अंगभर रेनकोट, टोपी, हातमोजे, थर्मासमध्ये चहा आणि दोन-तीन तास एका जागी उभं राहायची तयारी, एवढं पुरतं. आकडे पेन्सिलीने लिहायचे, ओल्या कागदावर पेन उमटत नाही.

अजून एक विनंती कार्यकारिणीला. सप्टेंबरात अकरावर्षीयांच्या प्रवेशपरीक्षा असतात, तेव्हा बरीच मुलं येत नाहीत, ते मी समजते. पण गणपतीच्या कार्यक्रमाची तारीख आम्हाला जुलैत कळली, तर रिले त्याच रविवारी ठेवणार नाही. या वर्षी आमच्या एका मुलाला लेझीम आणि रिले यातलं एक निवडावं लागलं.

चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. नाव आणि फोन नंबर लिहा, पुढच्या शर्यतीआधी मी स्वतः फोन करीन. पेन्सिल वहीतच आहे.